दोन घरचा दवाखाना

दवाखाना कुणाचा, हा प्रश्न पेशंटला कधी पडत नाही. त्याला ताप असतो. हा प्रश्न पडायला माणूस धडधाकट लागतो, खुर्चीत बसलेला लागतो आणि त्याच्यासमोर चहा लागतो. मी नर्स आहे, मला खुर्ची कमीच मिळते, म्हणून निम्म्याहून जास्त नोकरी होईपर्यंत मलाही तो पडला नव्हता. दवाखाना आजाऱ्यांचा आहे अशी माझी बावळट समजूत होती.

ऑफिसांची पूर्ण नावं मी लिहीत नाही, कारण पेन्शन अजून बाकी आहे. गावोगावचे छोटे दवाखाने ज्यांच्या हाताखाली असतात त्यांना मी 'जिल्हा' म्हणते. मोठे दवाखाने ज्यांच्याकडे असतात ते 'राज्य'. दोघांचीही ऑफिसं वाशीमलाच आहेत आणि दोघांचे साहेब एकाच टपरीवर पान खातात, पण एकमेकांना भेटायचं तर पत्र पाठवतात. छोट्या दवाखान्याच्या बजेटवर कायद्यानं जिल्ह्याचा अधिकार. कुठलं छत दुरुस्त करायचं, कुठलं पडू द्यायचं, हे तिथली सभा हात वर करून ठरवते. अधिकार खरोखर मोठा आहे. तो वापरायचा की नाही, हाही त्यांचाच अधिकार आहे.

आमच्याकडे छत पडलं ते बाळंतपणाच्या खोलीचं. भर दुपारी स्लॅबचा एक मोठा तुकडा थेट बाळंतिणीच्या टेबलावर येऊन पडला. टेबल रिकामं होतं, हे आमचं नशीब. जिल्ह्याचा इंजिनिअर तातडीनं आला, म्हणजे त्याच महिन्यात आला, आणि दारावर लाल रंगानं 'धोकादायक' लिहून गेला. अक्षर सुंदर होतं. रंगाला पैसे होते, सिमेंटला नव्हते.

तेव्हापासून नियम झाला की बाळंतपणं इथे करायची नाहीत, बाईला वाशीमला पाठवायचं. कागदावर वाशीम जवळच आहे. ज्यानं तो नियम लिहिला त्याला कळा येत नव्हत्या, त्यामुळे त्याला ते जवळ वाटणारच.

त्या हिवाळ्यात गावातलीच एक पोरगी पहिलटकरीण म्हणून आली. नवऱ्याची थोडी शेती, सासू मजुरीला जाणारी. लहान चणीची, बोलायला फटकळ. कळा सुरू झालेल्या, बाळाचे ठोके चांगले. तिनं मला आणि डॉक्टरांना विचारलं, "इथंच नाई होत का?" आमचे डॉक्टर तरुण आणि सरळ माणूस. त्यांनी वाशीमला जिल्ह्याच्या ऑफिसात फोन करून विचारलं. उत्तर आलं, खोली बंद आहे तर पाठवा. तिला पाठवलं. रस्त्याचं काम चालू होतं, एक बाजू पूर्ण खोदलेली, पुढे ट्रॅक्टर अडकलेला. गाडीतच बाळंत झाली. बाळ वाचलं नाही. बाळ आडवं नव्हतं, मोठं नव्हतं, काहीच नव्हतं, फक्त नाळेचा फास होता. खोलीत असती तर तो सोडवायला दोन बोटं पुरली असती. हे मी आजही शांतपणे लिहू शकत नाही.

त्यानंतर गाव चिडलं, निवेदनं गेली आणि जिल्ह्याच्या सभेत आमचं छत मंजूर झालं. आम्ही पेढे वाटले नाहीत, पण डॉक्टरांनी सगळ्यांना आलूपोहे मागवले. पावसाळ्याआधी काम होणार असं ठरलं. तोवर त्या पोरगीला पुन्हा दिवस गेले होते. पहिल्या तपासणीला आली तेव्हाच तिनं बजावलं, "सिस्टर, मी त्या रस्त्यानं आता जात नाई. खोली उघडली तं इथं, नाई तं घरी."

"घरी नको गं बाई," मी म्हटलं. "उघडते खोली. मंजूर झाली."

आणि इथे आमच्या गावचे पुढारी आले. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, ज्यांचे ते काका लागतात तेसुद्धा. भाऊंनी मुंबईच्या चकरा मारून एक मोठं काम करून आणलं होतं: आमच्या छोट्या दवाखान्याला मोठा करायची मंजुरी. म्हणजे तीस खाटा, जास्त डॉक्टर, एक्स-रे, सगळं. मंजुरी म्हणजे नुसती मंजुरी. त्यानंतर पदं निघायची होती, इमारत व्हायची होती, जिल्ह्यानं दवाखाना राज्याच्या ताब्यात द्यायचा होता आणि राज्यानं तो घ्यायचा होता. याला किती वर्षं लागतात ते विचारू नये, आपल्याकडे अशुभ मानतात.

पण भाऊंचा वाढदिवस तोंडावर आला होता. आमच्या भागात पुढाऱ्याच्या वाढदिवसाला काहीतरी उद्घाटन लागतंच. मागच्या वर्षी बसथांब्याचं झालं होतं, त्याच्या आदल्या वर्षी त्याच बसथांब्याच्या बाकाचं. यंदा भाऊंनी बोर्ड करून आणला. दवाखान्याच्या पूर्ण दर्शनी भागाएवढा, रात्री उजळणारा, त्यावर 'ग्रामीण रुग्णालय' आणि खाली भाऊंचा हात जोडलेला फोटो. बँड वाजला, फीत कापली, जुना बोर्ड काढून मागे कोंबड्यांच्या खुराड्याला टेकवला. डॉक्टर भीत भीत म्हणाले, "भाऊ, हस्तांतरण व्हायचं आहे अजून."

"तुमी कायले टेन्शन घेऊन राह्यले, डॉक्टरसाहेब?" भाऊ म्हणाले. "बोर्ड लागला म्हणजे अर्धं काम झालं. लोकायले दिसाले पाह्यजे नं."

लोकांना दिसलं. जिल्ह्याच्या इंजिनिअरलाही दिसलं. तो छताचं माप घ्यायला आला होता. गाडी रस्त्यावरच थांबली, काच खाली झाली, बोर्ड वाचून झाला, काच वर झाली. उतरायची गरजच पडली नाही. त्यानं रिपोर्ट दिला की ही संस्था आता राज्याकडे गेलेली दिसते, सबब जिल्ह्याचा पैसा दुसऱ्याच्या इमारतीवर खर्च करता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीनं बरोबर होतं. आमचं छत जिल्ह्याच्या दुसऱ्या एका दवाखान्याला गेलं. तिथे त्याची फरशी झाली असं ऐकलं.

डॉक्टर राज्याकडे गेले. तिथल्या साहेबांनी फाईल न उघडता सांगितलं की जोवर जिल्हा ताबा देत नाही तोवर आमचा काही संबंध नाही. जिल्ह्याकडे गेले, तर ते म्हणाले ताबा द्यायची आमची तयारी आहे, पण राज्यानं पदं काढल्याशिवाय ताबा कोण घेणार? हळद लागलेल्या नवरीसारखी गत झाली. बाप म्हणतो, आता ती सासरची, मी जेवायला कशाला घालू. सासरचे म्हणतात, वरात कुठे आली अजून? आणि नवरी आपली हळकुंडासारखी पिवळी होऊन मांडवात उभी. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण पाहुण्याच्या जागी अख्खा दवाखाना असेल असं वाटलं नव्हतं.

मग तो बोर्ड काढा, असं आमच्या शिपायानं सुचवलं. साधी गोष्ट होती. पण बोर्डावर भाऊंचा फोटो होता. फोटो उतरवला तर भाऊंचा अपमान, भाऊंचा अपमान म्हणजे त्यांच्या गटाचा, आणि तो काढताना दुसऱ्या गटाची माणसं टाळ्या वाजवायला आली असती, म्हणजे डोकी फुटली असती. फुटलेली डोकी शिवायची जागा जिल्ह्याची की राज्याची, हे ठरलेलं नव्हतं. भाऊंना समजावून सांगितलं तर ते दुखावले. म्हणाले, "दवाखाना मोठा केला ही माझी चूक झाली का मॅडम?"

शेवटी मधला मार्ग निघाला. सोयाबीन झाकायची निळी ताडपत्री आणून ठेवली. जिल्ह्याचा माणूस येणार असला की बोर्ड झाकायचा, राज्याचा येणार असला की उघडायचा. भाऊ येणार असले की पुसायचाही. शिपाई रोज सकाळी शिडीला हात लावून विचारायचा, "मॅडम, आज झाकू का उघडा ठेवू?" सरकारी नोकरीत एवढं स्पष्ट काम मी दुसऱ्या कुणाला मिळालेलं पाहिलं नाही.

आता कुणी म्हणेल, दोन्ही ऑफिसांना दवाखाना नकोच होता. तसं अजिबात नव्हतं. त्याच सुमारास ग्रामपंचायतीनं दवाखान्याच्या समोरच्या पट्टीत दुकानांचे गाळे काढायचं ठरवलं, भाड्यानं द्यायला. आठवड्याच्या आत दोन पत्रं आली. जिल्ह्यानं कळवलं की सदर जागा आमची आहे. राज्यानं कळवलं की सदर जागा श्रेणी वाढल्यामुळे आमची आहे. दोन्ही पत्रांत 'सदर' होतं, त्यामुळे दोन्ही खरी वाटली. छतासाठी आम्ही अनाथ होतो आणि गाळ्यांसाठी आम्हाला दोन दोन बाप निघाले.

मार्च लागता लागता अचानक पैसाही आला. पण तो सभागृहाच्या नावानं आला. सरकारी पैसा ज्या नावानं येतो त्याच नावावर खर्च करावा लागतो, आणि महिना संपायच्या आत, नाहीतर परत जातो. तेव्हा दवाखान्यावर देखरेख करणारी गावची समिती जिथे बसते त्या मीटिंगच्या खोलीला नवी फरशी बसली, नवं छत बसलं, हात धुवायचं बेसिन, गरम पाण्याचा गिझर, एसी, आणि वीज गेली तरी चालणारा इन्व्हर्टर. मीटिंगमध्ये कुणाला गरम पाणी लागतं ते मला कळलं नाही. डॉक्टरांनी विचारून पाहिलं की ही खोली बाळंतपणाला वापरली तर? उत्तर आलं की सभागृहाच्या निधीतून झालेल्या खोलीचा वापर सभेसाठीच करावा. मी त्या खोलीत एकदा उभी राहून छताकडे बघत होते. अंगावर पडेल असं एकही टोक त्याला नव्हतं. मनात आलं, बाळंतीण होण्यापेक्षा समितीचा सदस्य होणं बरं.

ती पोरगी दर तपासणीला यायची. वजन झालं, रक्त झालं की पाय न वाजवता मागच्या बाजूला जाऊन त्या लाल अक्षरांच्या दाराला हात लावून यायची. पाचव्या महिन्यात, सातव्यात, आठव्यात. परत येऊन विचारायची, "कवा?" मी काहीतरी सांगायची. एकदा तिची सासू म्हणाली, "बाई, तिले रातच्याले झोप नाई. गाडीचा आवाज आला का उठून बसते." मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. माझी आई दुसऱ्यांच्या वावरात निंदता निंदता बाळंत झाली होती, माझ्या मोठ्या भावाच्या वेळी. ती सांगायची की पुढे शिकलेल्या बाया येतील, खोल्या येतील, असं काही तुमच्या पिढीला होणार नाही. शिकलेली बाई आली होती, खोलीही होती. कुलूप तेवढं आईला माहीत नव्हतं.

नववा लागला तेव्हा एकदाचा तोडगा निघाला. दोन्ही ऑफिसांनी ठरवलं की संयुक्त पाहणी करू. जिल्ह्याचे एक साहेब, राज्याचे एक साहेब, समोरासमोर बसून दवाखाना कुणाचा ते ठरवतील आणि मग ज्याचा ठरेल तो छत करील. शिपायाची पंचाईत झाली. एकासाठी बोर्ड झाकायचा, दुसऱ्यासाठी उघडायचा, आणि दोघं एकाच गाडीतून येणार. त्यानं ताडपत्री अर्ध्यावर बांधली. बाहेर 'ग्रामीण' तेवढं दिसत होतं, ते कुणालाच नाकारता आलं नसतं.

साहेब आले. छताची खोली त्यांनी दारातून पाहिली, कारण ती धोकादायक होती. मग एसी लावून मीटिंगच्या खोलीत बसले. आत चहा गेला, बिस्किटं गेली, केळी गेली. दाराशी उभी राहून मी ऐकत होते. जिल्ह्याचे साहेब म्हणत होते, श्रेणी वाढल्याचा आदेश निघाला त्या दिवसापासून आमचा बजेटचा अधिकार संपला. राज्याचे साहेब म्हणत होते, अधिकार संपत नसतो, तो हस्तांतरित होतो, आणि हस्तांतरण झालेलं नाही. दोघंही शांत होते, दोघंही मुद्देसूद होते. मला पहिल्यांदाच वाटलं की यांना भांडता आलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी ऑटो आला. ऑटोत ती पोरगी, सासू, आणि ऑटोवाला पांढरा फटक पडलेला. अॅम्ब्युलन्स सकाळीच साप चावलेल्या एका म्हाताऱ्याला घेऊन वाशीमला गेली होती. मी तिला तपासलं. डोकं दिसत होतं. वाशीम सोडा, दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायलाही वेळ नव्हता. आमची तपासणीची खोली म्हणजे पडद्याआडची एक बोळकांडी, लाईट तेव्हा गेलेली, पाणी बादलीतलं. मग मी मीटिंगच्या खोलीचं दार उघडलं.

"साहेब, उठा," मी म्हणाले.

"मीटिंग चालू आहे, सिस्टर."

"पाहून राह्यली ना मी. उठा, बाई आहे."

ऑफिसातल्या माणसांशी मी नेहमी पुस्तकी मराठी बोलते. त्या दिवशी घरची निघाली. दोघांनी आपापल्या फाईली छातीशी धरल्या आणि बाहेर आले. शिपायानं कपबशा उचलल्या, केळी उचलली, मी मीटिंगच्या टेबलावर चादर टाकली. डॉक्टरांनी हात धुतले. गरम पाणी भरपूर होतं. जोर द्यायला लागली तेव्हा पोरगीनं माझं मनगट असं धरलं की पुढे आठवडाभर हिरवं निळं होतं. ती ओरडली नाही. एकच विचारलं, "गाडीत तं नाई नं टाकत?" मी म्हटलं, नाही.

या बाळालाही नाळेचा फास होता. डॉक्टरांनी दोन बोटं घातली, सोडवला. बाळ आधी निळसर, मग लाल, मग चिडलेलं. मुलगी. तिचा आवाज बाहेर दोन्ही ऑफिसांना एकाच वेळी ऐकू गेला. मी रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. सासू दाराशी टेकून खाली बसली आणि "माय माय माय" एवढंच म्हणत राहिली. बाहेर साहेबांनी अर्ध्या झाकलेल्या बोर्डाच्या सावलीत उभं राहून केळी खाल्ली आणि पाहणी अपूर्ण राहिल्याचं ठरवून निघून गेले.

पुढच्या आठवड्यात नोटिसा आल्या. डॉक्टरांना एक, मला एक, आणि दोन्ही ऑफिसांकडून, म्हणजे एकूण चार. जिल्ह्यानं विचारलं होतं की आमच्या संस्थेत सभागृहाचा वापर विनापरवानगी बाळंतपणासाठी का केला, खुलासा करा. राज्यानं विचारलं होतं की आमच्या संस्थेत अधिकाऱ्यांची बैठक चालू असताना ती का उधळली, खुलासा करा. मी त्या नोटिसा दोनदा वाचल्या. 'आमच्या संस्थेत'. एवढ्या वर्षांत पैसे मागून जे मिळालं नाही ते एका बाळंतपणात मिळालं होतं. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आता तरी छताचा अर्ज पाठवू, दोघांनाही." पाठवला. दोघांकडूनही उत्तर आलं की चौकशी पूर्ण होईपर्यंत निर्णय घेता येणार नाही.

चौकशीला पुन्हा तेच दोन साहेब आले आणि त्याच खोलीत, त्याच टेबलाशी बसले. चादर काढलेली होती. आमचे जबाब झाले. डॉक्टरांनी सगळं अंगावर घेतलं, मीही घेतलं, त्यामुळे दोघांचे जबाब जुळेनात. मग साहेब म्हणाले, बाईलाही बोलवा. ती आली. बाळाला लुगड्याच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलेलं, डोळ्यांत काजळ, कानामागे तीट. तिला खुर्ची दिली तर ती बसली, आणि टेबलाकडे एकदा बघून बाळाला नीट मांडीवर घेतलं.

राज्याच्या साहेबांनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, इथे बाळंतपणं बंद आहेत? वाशीमला जायला सांगितलेलं होतं?"

"हो."

"मग इथे येण्याआधी कुणाला विचारलं होतं का?"

तिनं दोघांकडेही पाहिलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "मांगच्या वेळी इचारलं होतं, साहेब."

लिहून घेणारा क्लार्क थांबला आणि त्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, पुढचा प्रश्न. तिचं ते वाक्य जबाबात आलेलं नाही. मी नंतर प्रत मागवून पाहिली. म्हणून इथे लिहून ठेवलं.